माणच्या लेबर कॅम्पातले गुरुजन

माण हे मुळशी तालुक्यातलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा इथे आहे आणि शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचं एक टोकही इथलंच. या भागात इमारती उभ्या करणारी कुटुंबं यादगीर, कलबुर्गी, नांदेडकडून येतात, बिहार-झारखंडहूनही येतात. मुक्काम पत्र्याच्या खोल्यांत, लेबर कॅम्पात. मुलं अर्थातच बरोबर.

या मुलांना शिकवणं हे पुण्याचं काम, असं लोक सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. त्यात शिकवणारी ताई नुसती देणारी ठरते. प्रत्यक्षात असा वर्ग शिक्षकाला त्याचाच विषय नव्याने शिकवतो.

ताईने ‘पंचवीस’ सांगितलं की नांदेडचा मुलगा ५२ लिहून बसतो, कारण त्याच्या कानावर आधी पाच पडतात. बिहारच्या मुलीचं ‘पच्चीस’ लिहिताना तेच होतं. यादगीरची मुलगी मात्र पटकन २५ लिहिते. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. बोलण्याचा क्रम तोच लिहिण्याचा. तिला फळ्यापाशी बोलावून तिच्या भाषेत मोजायला लावलं, तर दशक-एकक साऱ्या वर्गाला उलगडतं, आणि मराठी येत नाही म्हणून मागे बसणारी ती मुलगी पुढे येते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांचाच दाखला देऊन ती शांतपणे समजावली होती. माणसारख्या ठिकाणचा वर्ग पाहिला की त्यांचं म्हणणं किती रास्त होतं ते कळतं.

गुणोत्तराचंही तसंच. प्लास्टरच्या मालाला एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू, हे या पोरांनी रोज पाहिलेलं असतं. तीन घमेली सिमेंटला वाळू किती, याचं उत्तर पाटीला हात न लावता येतं. ते कागदावर कसं मांडायचं, एवढंच ताईने दाखवायचं.

पुण्यात हे काम नवं नाही. समाजकार्याच्या प्राध्यापक रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं. पुढे पुण्यात बांधकामांच्या साईटवर त्यांचे वर्ग भरू लागले. पाठच्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरलीची शाळा बुडते. वर्ग दाराशी आला की ती धाकट्याला कडेवर घेऊन तरी येते.

खरी अडचण पुढे असते. काम संपलं की कुटुंब चाकणला नाहीतर वाघोलीला निघतं आणि मूल वाचायला लागलं तोवर नजरेआड होतं. या वर्गांवर टिकून राहिलेल्या शिक्षकांबद्दल म्हणूनच मला विशेष आदर वाटतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा अशा मुलांच्या बाजूने आहे. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा, राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही. सत्र कुठलंही चालू असो, मूल दारात आलं की मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी नाव पटावर घ्यावं. स्लॅब पडला की मुकादम पुढच्या साईटचा निरोप आणतो, तो शाळेच्या सुट्ट्या बघून येत नाही.