गारद्यांचा पगार

गारदी, म्हणजे कवायती पायदळातला शिपाई, म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो, ३० ऑगस्ट १७७३चा. नारायणराव पेशव्यांच्या खुनापूर्वी गारदी वाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचा तगादा पुढे करून. तेव्हापासून तो शब्दच बेइमानीचा झाला. पण शिपायाचा पगार थकला की काय काय घडत असे, हे कळायला निजामाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात यायला हवं.

गैरसमज: शिपायाला दरमहा पगार आणि वर सरकारी कपडे मिळत.

वस्तुस्थिती: शिलेदार घोडा, हत्यार, अंगावरचा कपडा, सारं घरचं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा तेवढा सरकारातून मिळे. मोहिमेआधी ‘नालबंदी’ची आगाऊ रक्कम हातावर पडे, छावणीत पोटापुरता ‘रोजमुरा’ मिळे, बाकीचा हिशेब महिनोन्‌महिने लोंबकळत राही. अंगरखा विरला तर नव्याची सोय ज्याची त्यानं करायची. मार्च १७६०मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर परतूरहून निघालेली सदाशिवरावभाऊंची, म्हणजे भाऊसाहेबांची, मराठी फौज पुढच्या जानेवारीत पानिपतावर अपुऱ्या कपड्यांत कुडकुडत होती.

गैरसमज: पगार हा कारकुनी मामला, राज्यांचा निकाल लागे तो रणांगणावर.

वस्तुस्थिती: फ्रेंच सेनानी बुसी १७५१मध्ये सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवून औरंगाबादेत आला. त्याच्या कवायती पलटणींना रोकड लागे ती महिन्याच्या महिन्याला. शेतसारा मात्र पिकाच्या हंगामानंच वसूल होई, आणि त्यातलाही मोठा हिस्सा जहागिरींत अडकलेला. १७५३मध्ये बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला, तसा दिवाण सय्यद लष्करखानानं पलटणींचा पगार रोखला आणि त्या ठिकठिकाणी पांगवल्या. बरा होताच बुसी फौजेसह नोव्हेंबरात औरंगाबादेत दाखल झाला. लढाई झालीच नाही. पलटणींच्या खर्चासाठी मुस्तफानगर, एल्लोर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम हे चार सरकार, म्हणजे जिल्हे, त्यानं लिहून घेतले. पूर्व किनाऱ्याचा एवढा मुलूख शिपायांच्या पगारापायी गेला! पुढे १७६६च्या तहानं तिथे इंग्रजांचा पाय रोवला गेला.

लष्करखानानंतर दिवाणगिरी शाहनवाजखानाकडे आली, ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल सरदारांचा चरित्रकोश लिहिणारा तो हाच. १७५७मध्ये थकबाकीसाठी फौज त्याच्यावर उठली. पद गेलं आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. वर्षभरात शहरातच त्याचा खून झाला. ग्रंथाची विखुरलेली पानं त्याचे स्नेही आझाद बिलग्रामी यांनी गोळा केली, म्हणून तो आज आपल्या हाती आहे. मला या शहराच्या इतिहासातलं हे सर्वांत जिव्हाळ्याचं काम वाटतं.

गैरसमज: पगार मागतो तो निष्ठावान नसतो.

वस्तुस्थिती: बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून भाऊसाहेबांकडे आला. माझ्या माणसांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार हवा, हा त्याचा हट्ट मराठी सरदारांना खुपायचा. तो हट्ट मला रास्त वाटतो. मुलूखगिरीत घोडेस्वाराच्या हाती काही ना काही लागे, कवायतीच्या रांगेत उभ्या पायदळाला पगारावाचून दुसरा आधार नव्हता.

पैशाची ओढ तर अशी, की भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली स्वारांची तुकडी अंधारात वाट चुकली आणि थेट अब्दालीच्या छावणीत शिरली. त्या महिन्याचा पगार झाला नाही.

१४ जानेवारी १७६१. लढाईचा साक्षीदार काशीराज यानं लिहून ठेवलं आहे, की पानिपतच्या लढाईच्या तोंडावर इब्राहिमखान भाऊसाहेबांसमोर आला. पगाराच्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर नाराज होता, या महिन्यात पगार मिळालेला नाही, तरी आज माझं काम बघा, अशा आशयाचं तो बोलला आणि पलटणी घेऊन अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून गेला. त्याचे बहुतेक गारदी तिथेच पडले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.