कचऱ्याचा दर कोणी आणि कसा ठरवायचा?
वाळूजच्या दुकानदाराने, कारागिराने आणि भंगारवाल्याने समजून घ्यावा असा हिशेब

धंदा करणाऱ्या माणसाला जागेचे भाडे, विजेचे बिल, मजुरी आणि उधारी हे खर्च तोंडपाठ असतात. कचऱ्याचा खर्च मात्र सहसा कोणाच्या वहीत सापडत नाही. तो कुठे तरी करात मिसळलेला असतो, कुठे गाडीवाल्याच्या हातावर ठेवलेल्या दहा-वीस रुपयांत असतो, तर कुठे दुकानामागच्या नाल्यात पडून राहिलेला असतो. पण गावोगावी आता कचरा उचलण्याचे दर ठरू लागले आहेत. ज्याने आपला हिशेब मांडला नाही त्याचा दर दुसराच कोणी ठरवील, म्हणून व्यापारी बंधूंनी या विषयाकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला याचा धडा २०१८ मध्येच मिळाला आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराचा रोजचा चारशे टनांहून अधिक कचरा वर्षानुवर्षे नारेगावच्या डेपोत नुसता ओतला जात होता. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल झाली, लाठीमार झाला, आणि त्यानंतर पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. एवढे सगळे झाल्यावर शासनाने सुमारे नव्वद कोटींचा आराखडा मंजूर केला. चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनविण्याचा ३० टनांचा प्रकल्प ठरला. त्या महिन्यांत बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारांचे काय झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दारात कुजलेला ढीग असेल तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही, एवढे सांगायला आकडे लागत नाहीत.

वाळूजची गोष्ट निराळी आहे. १९८० च्या दशकात येथे औद्योगिक वसाहत वाढली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने शेकडो छोटी वर्कशॉप, चहाची दुकाने, खानावळी, गॅरेजे, फर्निचरवाले आणि शिंपी आले. मात्र या साऱ्या पट्ट्याचा कारभार अनेक हातांत वाटला गेला. कारखान्यांची हद्द एमआयडीसीची, नवी वसाहत सिडकोची, तर रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर आणि खुद्द वाळूज ही गावे आपापल्या ग्रामपंचायतीची. कचऱ्याला हद्द कळत नाही. एका गावाच्या रस्त्यावर टाकलेली पिशवी वाऱ्याने दुसऱ्या गावात जाते, आणि शहरात पाणचक्कीजवळून वाहणारी खाम नदी शहराची घाण घेऊन वाळूजच्याच बाजूने गोदावरीकडे जाते.

एकच दर, पण न्याय नाही

८ एप्रिल २०१६ रोजी निघालेल्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणे सर्वांवर बंधनकारक केले, आणि कचरा निर्माण करणाऱ्याने त्याचे शुल्क द्यावे हेही त्यात लिहिले. शहरात महापालिकेने घरामागे रोज एक रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये, असा आकार लावला. घरांच्या बाबतीत सरसकट दर एक वेळ चालून जातो, कारण घराघरांतला फरक फार मोठा नसतो. दुकानांच्या बाबतीत मात्र तो चालत नाही.

उदाहरण घ्या. एका रस्त्यावर दोन दुकाने आहेत आणि दोघांनाही महिना दोनशे रुपये दर लावला आहे. पहिला रेडीमेड कपड्यांचा दुकानदार. त्याचा पुठ्ठा आणि प्लास्टिक भंगारवाला विकत घेऊन जातो. गाडीत पडतो तो रोजचा अर्धा किलो केर, महिन्याला पंधरा किलो. दुसरी मोठी खानावळ, रोजचा तीस किलो उरलासुरला माल, महिन्याला नऊशे किलो. कपडेवाल्याला किलोमागे तेरा रुपयांहून जास्त पडले, तर खानावळीला बावीस पैसे. म्हणजे ज्याने कचरा कमी केला तोच जास्त भरतो आहे, आणि जो गाडी भरतो त्याचा बोजा शेजाऱ्यावर पडतो आहे. असा दर लावून कोणते शहर कचरामुक्त होणार आहे?

दक्षिण कोरियाने ही गाठ १९९५ मध्येच सोडवली. तेथे कचरा टाकायला सरकारी पिशवी विकत घ्यावी लागते. पिशवी जितकी मोठी तितके पैसे जास्त. पुनर्वापराचा माल वेगळा करून दिला तर त्याला पैसे नाहीत. पुढे उरलेल्या अन्नाचेही वजन करून पैसे घेण्याची पद्धत आली. आपल्याकडे पिशवीची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, हे मान्य. लोक पिशवी वाचवायला कचरा नाल्यात टाकतील. पण दुकानांचे कचऱ्याच्या वजनावरून तीन-चार गट पाडणे, आणि वेगळा करून देणाऱ्याला सूट देणे, याला काही परदेशी यंत्रे लागत नाहीत. एक तराजू पुरतो.

भंगारवाल्याची मेहनत कोणाच्या खात्यात?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शहरात २०१९ मध्ये कचरा गोळा करण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले आणि मोबदला टनावर ठरला. ही पद्धत देशात पुष्कळ ठिकाणी आहे. यात कोणा एका कंपनीला दोष देण्याचे कारण नाही, दोष हिशेबाच्या पद्धतीचा आहे. ज्याला टनावर पैसे मिळतात त्याला कचरा कमी झालेला कसा परवडेल? उलट माती आणि राडारोडा गाडीत आला तर वजन वाढते.

याच्या अगदी उलट आपला भंगारवाला. फेरीवाल्यापासून गोदामवाल्यापर्यंत ही सारी साखळी कचऱ्याच्या गाडीत जाणारा माल आधीच उचलते. वाळूजच्या वर्कशॉपमधले लोखंडी टर्निंग, पत्र्याचे कातरण, बीड, पितळ, मोल्डिंगचे रनर, पुठ्ठा हे सगळे वेगळे होऊन पुन्हा भट्टीत, दाणा बनविणाऱ्याकडे किंवा कागद गिरणीत जाते. पॅकिंगची लाकडे फर्निचर कारागीर घेतात आणि त्यांचे पाट, कपाटे, पलंग होतात. या मालावर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा एक पैसा खर्च होत नाही. टनामागे जो मोबदला कंपनीला द्यावा लागला असता, तो या लोकांनी वाचवला. तरीही कचऱ्याच्या आराखड्यात त्यांचे नाव नसते. असलेच तर अतिक्रमणाच्या यादीत असते.

पुण्यात हा प्रश्न संघटनेने सोडवला गेला. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. घरोघरचा कचरा वेचकांनी उचलायचा, घरमालकाने महिन्याचे शुल्क थेट त्यांना द्यायचे, वस्तीतल्या घरांना दर कमी आणि दुकानांना जास्त, आणि सुका माल विकून येणारे पैसे वेचकांचेच. कराराच्या नूतनीकरणावरून पुढे वादही झाले, ही बाजूही सांगितली पाहिजे. पण कचरा घरातून बाहेर पडताच वेगळा होतो आणि उचलणाऱ्याला त्यातून पोट भरता येते, हे तेथे सिद्ध झाले.

भंगाराच्या व्यापाऱ्यांनी आपल्या बाजूने एक गोष्ट सुधारली पाहिजे, ती म्हणजे कागद. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर जीएसटीचा नवा नियम लागू झाला. नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कर घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या आपसातील व्यवहारात २ टक्के टीडीएसची तरतूद आली. अनेकांना हा जाच वाटला, आणि छोट्या गोदामवाल्याला तो खरोखरच जड आहे. पण या पावत्यांमुळे प्रथमच आपण किती टन माल कचऱ्यात जाण्यापासून वाचवला याचा लेखी पुरावा तयार होत आहे. वर्कशॉपवाल्यांनीही लक्षात ठेवावे की जुने ऑइल साध्या कचऱ्यात किंवा नाल्यात टाकणे हा गुन्हा आहे. ते घातक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारकालाच द्यावे लागते.

घराजवळचे उदाहरण

दर घेतला की त्याच्या बदल्यात काही तरी दिसले पाहिजे. यासाठी कोरियाला किंवा पुण्याला जायची गरज नाही. वाळूज वसाहतीला लागून पाटोदा गाव आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात या ग्रामपंचायतीने कर पूर्ण भरणाऱ्याला दळण मोफत, गरम पाणी, पिण्याचे शुद्ध पाणी अशी व्यवस्था केली, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून घेतला. लोक कर भरू लागले, कारण पीठ डोळ्यांना दिसत होते. कोकणात वेंगुर्ले नगरपरिषदेने तर कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून विकायला सुरुवात केली आणि डेपोच्या जागेवर बाग फुलवली. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचे हे काम पाहायला लांबून लोक गेले. तेथे दुकानदारांनी सुरुवातीला कुरकुर केली नसेल असे मानणे भोळेपणाचे होईल, पण वेगळा न केलेला कचरा उचललाच जात नाही म्हटल्यावर हात आपोआप वळतात.

गावात कर आणि फी लावण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खाली ग्रामपंचायतीला आहे, आणि वर्षात चार ग्रामसभा घेणे भाग आहे. दराचा विषय तेथे येतो तेव्हा आपले दुकानदार बहुधा दुकानात बसलेले असतात. त्यापूर्वी एक महिनाभर रोज संध्याकाळी दुकानाचा कचरा ओला, सुका असा वेगळा तोलून वहीत लिहावा. भंगारवाल्यांनी वर्षभराच्या पावत्यांची बेरीज टनांत काढावी. आणि सभेत तीन मागण्या लेखी द्याव्यात: दुकानांचे दर वजनाच्या गटावर ठरावेत, वेगळा कचरा देणाऱ्याला सूट असावी, आणि सुका माल उचलण्याचे काम आधी स्थानिक भंगारवाल्यांना व वेचकांना विचारले जावे, तेही ओळखपत्र आणि माल वेगळा करायला जागा देऊन. मागण्या इतिवृत्तात नोंदल्या गेल्या की नाही ते सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे, आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागावी.