लेबर ऑफिसरचा डिप्लोमा आणि एचआरचं सर्टिफिकेट

पगार मालकाचा, पण मालकाच्या मनात आलं म्हणून ज्याला काढता येत नाही, असा एक अधिकारी आपल्या कायद्याने घडवला. १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४९ने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. कारखान्यात त्याला या नावाने कुणी हाक मारत नाही. तो वेल्फेअर ऑफिसर, आणि गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी लेबर ऑफिसर. केंद्राच्या नमुना नियमांवरून राज्यांनी आपापले नियम केले, महाराष्ट्राचे १९६६चे. बारीकसारीक फरक सोडले तर या नियमांचा सांगाडा सगळीकडे सारखा. उमेदवाराकडे पदवी हवी, शिवाय सरकारने मान्य केलेल्या संस्थेची सामाजिक शास्त्रांतली पदवी किंवा पदविका हवी, आणि बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा त्याला यायला हवी. कामगारावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईत त्याने पडायचं नाही, कोर्टात किंवा समेट अधिकाऱ्यापुढे व्यवस्थापनाच्या बाजूने कामगाराविरुद्ध उभं राहायचं नाही. आणि त्याची नोकरी संपवायची तर कामगार आयुक्तांची लेखी संमती घ्यायची.

आजच्या एचआर मॅनेजरला हे वाचून दाखवलं तर त्याला गंमत वाटेल. त्याच्या नावापुढे चार-पाच इंग्रजी अक्षरांची शेपटी असते, दोन व्यावसायिक संघटनांचं सभासदत्व असतं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं सर्टिफिकेट असतं. ज्ञान त्या लेबर ऑफिसरपेक्षा बहुधा जास्तच. पण बॉसला ‘हे मी करणार नाही’ असं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी खुर्ची शाबूत राहील, याची हमी त्यातलं एकही कागदपत्र देत नाही. या धंद्याच्या संघटनांचा आणि प्रमाणपत्रांचा इतिहास मला याच फटीतून पाहावासा वाटतो.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते, कारण लेबर ऑफिसर जन्मला तो जॉबरवरचा उतारा म्हणून. गिरणीत कामाला लावणारा जॉबर, कामावरून उतरवणारा जॉबर, खाडा झाला की बदली लावणारा जॉबर. गावाकडून आलेल्या माणसाला खोली आणि उसनवारी मिळवून देणाराही बरेचदा तोच. या सगळ्याची दस्तुरी असे आणि ती पगारातून जाई. १९२९मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन बसलं. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१च्या अहवालात कमिशनने सुचवलं, की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून थेट व्यवस्थापकाच्या हाताखालच्या लेबर ऑफिसरकडे द्यावा. तो सचोटीचा असावा, कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलणारा असावा. १९३४मध्ये गिरण्यांत मोठा संप झाला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा करून कामगारांची गाऱ्हाणी पाहायला सरकारी लेबर ऑफिसर नेमला. गिरणीमालकांच्या संघानेही आपला माणूस नेमला, मग एकेका गिरणीत ही जागा निर्माण होऊ लागली. पुढच्या वर्षी बदली कामगारांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड देण्याची पद्धत आली. रोज सकाळी कार्डवाल्यांनी हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मक्तेदारी यामुळे एका दिवसात संपली असं मुळीच नाही, पण तिला पहिल्यांदा कागदाचा अडसर लागला.

हा अधिकारी शिकवून तयार करायचा कुठे? १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं ते भायखळ्याजवळच्या नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथे नेबरहुड हाऊस नावाचं वस्तीकेंद्र चालवत होते, तेच शाळेचे पहिले संचालक. १९४४मध्ये संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४मध्ये ती देवनारला गेली. आज बड्या कंपन्या कॅम्पस मुलाखतींसाठी जिथे रांग लावतात, तो मनुष्यबळाचा अभ्यासक्रम समाजकार्याच्या शाळेत वाढलेला आहे, हे तिथून बाहेर पडणाऱ्या किती मुलांच्या मनात राहत असेल कोण जाणे. मुंबई सरकारने १९४७मध्ये स्वतःची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळची ही संस्था आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या माणसाचं नाव कामगार अधिकारी घडवणाऱ्या संस्थेला असावं, हे रास्तच झालं.

म्हणजे आपल्याकडे या व्यवसायात प्रमाणपत्र आधी आलं ते कायद्याच्या आधाराने. डिप्लोमा नसेल तर त्या खुर्चीवर बसताच येत नव्हतं. संघटनाही त्याच सुमारास उभ्या राहिल्या. कलकत्त्यात १९४८मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सनल मॅनेजमेंट, मुंबईत १९५०मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट. एकीकडे ज्यूट गिरण्यांचं शहर, दुसरीकडे कापड गिरण्यांचं, दोघांची दोन घरं. तीस वर्षांनी, १९८०मध्ये, ती एक झाली आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सनल मॅनेजमेंट, म्हणजे एनआयपीएम, उभी राहिली. मुख्यालय कलकत्त्यालाच राहिलं.

या तारखांशेजारी आणखी दोन तारखा ठेवून पाहाव्यात. कारखाने अधिनियम अमलात आला १ एप्रिल १९४९ला. त्याच वर्षी १ जुलैला चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा अमलात आला. दोन्ही व्यवसाय जवळपास एकाच वेळी दारात उभे होते. हिशेब तपासणाऱ्यांना संसदेच्या कायद्याने संस्था मिळाली, सभासदांची नोंदवही मिळाली, आणि गैरवर्तन केलं तर नोंदवहीतून नाव खोडण्याचा अधिकार मिळाला. कंपनी सेक्रेटरींना असाच कायदा मिळाला १९८०मध्ये. माणसं सांभाळणाऱ्यांना त्या वर्षी मिळालं फक्त एक विलीनीकरण. अशा कायद्यासाठी लागणारा रेटा या व्यवसायाकडून कधी लागलाच नाही, असं माझं मत. कारण उघड आहे. हिशेबनिसाची स्वायत्तता भागधारकाला, बँकेला, आयकर खात्याला हवी असते. एचआरची स्वायत्तता हवी असते ती फक्त कामगाराला, आणि संस्थेच्या सभासदांत कामगार नसतो.

बरं, कायद्याने कवच दिलेला वेल्फेअर ऑफिसर तरी स्वायत्त राहिला का? कँटीन, पाळणाघर, रजेचे अर्ज, दवाखाना, उचल ही त्याची कायद्यातली कामं. पण कंपनीने त्याच माणसाला पर्सनल ऑफिसरची टोपीही घातली. सकाळी कामगाराचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि दुपारी त्याच कामगाराच्या चार्जशीटचा मसुदा करायचा. सही दुसऱ्याची घेतली की नियम पाळल्यासारखा दिसतो. युनियनवाल्यांना हे पाठ होतं. १९६९मध्ये न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय कामगार आयोगानेही बजावलं, की व्यवस्थापनाच्या वतीने तंटे हाताळण्याचं काम कल्याण अधिकाऱ्याला देऊ नये. कायद्यात आधीच असलेली गोष्ट पुन्हा सांगावी लागली, यावरून कारखान्यांत काय चालत होतं ते कळतं.

त्यानंतर वारंच बदललं. १९७४-७५मध्ये लार्सन अँड टुब्रोने आपल्या कामगिरी-मूल्यमापनाच्या पद्धतीचा आढावा घ्यायला अहमदाबादच्या आयआयएममधून उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. त्यांच्या शिफारशींतून तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला, देशातला या प्रकारचा पहिला मानला जातो. भर तंट्यावरून माणसाच्या वाढीकडे सरकला. १९८२च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उठलं नाही. ज्या कारखान्यांसाठी लेबर ऑफिसर घडवला जात होता तेच उरले नाहीत. १९८५मध्ये राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एचआरडी नेटवर्क सुरू झालं, त्याच वर्षी केंद्र सरकारनेही शिक्षण खात्यावर मनुष्यबळ विकासाची पाटी लावली. ती पाटी २०२०मध्ये उतरली. कंपन्यांतली मात्र घट्ट बसली आहे.

आपली चाल न्यारी आहे का, हे पाहायला ब्रिटनकडे नजर टाकू. १९१३च्या जूनमध्ये यॉर्कला, राउन्ट्री या चॉकलेट-कोको कारखानदारांच्या पुढाकाराने, कारखान्यांत कामगारांच्या, त्यातही बायका-मुलींच्या, सोयीगैरसोयी पाहणारी मंडळी जमली. बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यांनी वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन स्थापन केली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका कामाला लागल्या तशी वेल्फेअर सुपरवायझरची मागणी वाढली. पुढे संघटनेत पुरुषांचा भरणा झाला, १९३१मध्ये ती लेबर मॅनेजमेंटची संस्था झाली, १९४६मध्ये पर्सनल मॅनेजमेंटची. २०००मध्ये तिला राजसनद मिळाली आणि आजची सीआयपीडी अस्तित्वात आली. तिथल्या सभासदाला चार्टर्ड म्हणवून घेता येतं आणि आचारसंहिता मोडल्यास ते काढूनही घेता येतं. मात्र सभासद नसलेल्याला एचआरचं काम करायला बंदी नाही. सनद प्रतिष्ठेची आहे, परवान्याची नव्हे.

अमेरिकेतली कथा जास्त बाजारू आणि म्हणून जास्त बोधक. तिथली पर्सनल ॲडमिनिस्ट्रेटर्सची संघटनाही १९४८चीच. १९७६मध्ये तिने परीक्षा घेण्यासाठी वेगळी संस्था काढली, तीच पुढे एचआरसीआय झाली. १९८९मध्ये मूळ संघटनेने एसएचआरएम हे नाव घेतलं. जवळजवळ चार दशकं व्यवस्था ठीक चालली, कारण शिकवणारा हात आणि तपासणारा हात वेगळे होते. २०१४मध्ये एसएचआरएमने जाहीर केलं, की आता परीक्षाही आपणच घेणार, आणि २०१५पासून दोन प्रतिस्पर्धी सर्टिफिकेटं बाजारात आली. एसएचआरएमचं म्हणणं, नुसतं ज्ञान नको, प्रसंगी माणूस कसा वागेल तेही तपासू. विचार चांगला आहे. पण संघटनाच पुस्तकं विकते, वर्ग घेते, परीक्षा घेते आणि नूतनीकरणासाठी लागणारे गुण मिळवून देणाऱ्या परिषदाही भरवते, तेव्हा सर्टिफिकेट धारकाबद्दल जितकं सांगतं तितकंच संघटनेच्या जमाखर्चाबद्दलही सांगतं. दोन्हीकडे तीन वर्षांत ६० गुण जमवावे लागतात. आपल्याकडे पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांतली मुलं ही अक्षरं नावापुढे लावतात, कारण कामाचे धागे अमेरिकेशी जोडलेले असतात. त्या परीक्षेतलं ज्ञान उपयोगी आहेच. पण हिंजवडीत काम करून चाकणच्या कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कसा मोजायचा, हे तिच्यातून कळत नाही.

ते कळतं आपल्याकडच्या संघटनांच्या स्थानिक शाखेच्या, म्हणजे चॅप्टरच्या, संध्याकाळी. एखाद्या हॉटेलातला हॉल, वक्ता बहुधा कामगार कायद्याचा वकील, समोर एमआयडीसीतली पन्नास-साठ मंडळी. २८ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने भविष्यनिर्वाह निधी मोजताना कोणते भत्ते मूळ पगारात धरायचे यावर निकाल दिला, तेव्हा असल्या व्याख्यानांचं मोल एरवी कुरकुरणाऱ्या फायनान्सवाल्यांनाही पटलं असेल. पण खरी देवघेव चहाच्या टेबलापाशी होते. शेजारच्या कारखान्यात करार किती हजारांवर झाला, कँटीनच्या ठेकेदाराने दर किती वाढवला, कोणत्या युनियनचा नवा पदाधिकारी बोलण्यासारखा आहे. याला ज्ञानाची देवाणघेवाण म्हणावं की मालकांमधला अलिखित समन्वय, हे तुम्ही टेबलाच्या कोणत्या बाजूला आहात त्यावर ठरेल. नवख्या माणसाला मात्र तिथे जे शिकायला मिळतं ते कोणत्याच अभ्यासक्रमात नसतं. एकट्याने दोनशे माणसांचं टाइम ऑफिस सांभाळणाऱ्या छोट्या कारखान्यातल्या मुलाला तर ही संध्याकाळ म्हणजे एकुलता एक आधार.

आता चित्र पुन्हा हललं आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आणली. म्हणजे या जागा वाढतील आणि पात्रतेचा प्रश्न पुन्हा जिवंत होईल. त्याची पात्रता, त्याची कर्तव्यं आणि त्याचं संरक्षण सरकारच्या नियमांवर अवलंबून आहे, आणि संघटनांनी बोलायची वेळ हीच आहे. अभ्यासक्रमात काय असावं यावर त्या नक्की बोलतील. आपल्या डिप्लोम्याला मान्यता मिळावी असंही म्हणतील, त्यात वावगं काही नाही. मला त्यांनी मागायला हवं असं वाटतं ते वेगळं. आयुक्तांच्या संमतीशिवाय काढता न येण्याची तरतूद नव्या नियमांत ठळकपणे राहावी, आणि लैंगिक छळाच्या किंवा पगारचोरीच्या तक्रारीत प्रामाणिक अहवाल दिल्याबद्दल नोकरी गेलेल्या सभासदाचा खटला संघटनेने स्वतःच्या पैशाने लढवावा. सभासदत्वाची पावती बहुधा कंपनीच्या खर्चातून निघते. तेव्हा हा ठराव कोणत्या चॅप्टरच्या वार्षिक सभेत मांडला जाईल, आणि अनुमोदन द्यायला कोण उठेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.