वाढत्या वयातील धावपटू, स्नायूची दुखापत आणि पादांशिक क्रम

शर्यत हे केवळ तरुणांचे क्षेत्र, हा समज आता मागे पडला आहे. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि प्रत्येक गटात १०० मीटरची शर्यत होते. चंदीगडच्या मान कौर यांनी २०१७ मध्ये ऑकलंड येथे, वयाच्या १०१ व्या वर्षी, हे अंतर ७४ सेकंदांत पार केले. भगवानीदेवी डागर यांनी २०२२ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे ९४ व्या वर्षी २४.७४ सेकंदांची नोंद केली. आपल्या मुळशी तालुक्याच्या पूर्व वेशीवर तर १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. हिंजवडी, पिरंगुट, पौड या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे पन्नाशीतील धावपटू येऊ लागले, तर त्यात नवल नाही.

असा रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतो : "वैद्यराज, दुखणे थांबले आहे; आता धावू का?" या प्रश्नाचे उत्तर घाईने दिल्यास तीच दुखापत पुन्हा उद्भवते. वेदनाशमन म्हणजे धातूंचे संधान नव्हे, हे येथे प्रकर्षाने ध्यानी ठेवले पाहिजे.

दुखापतीचे स्वरूप

वेगाने धावताना मांडीच्या मागील स्नायूंवर सर्वाधिक ताण येतो तो पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी. त्या क्षणी स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी पुढे झेपावणाऱ्या पायाला आवरतही असतो. संथ धावण्यात हा ताण फारच कमी असतो. म्हणूनच सकाळी चार किलोमीटर विनासायास धावणारा गृहस्थ ६० मीटरच्या झेपेत जायबंदी होतो. पूर्वीची दुखापत व वाढते वय ही पुनरुद्भवाची दोन प्रमुख कारणे होत. आपल्या रुग्णात ही दोन्ही एकत्र नांदतात.

शास्त्राचा कौल

वाग्भटाचार्यांनी वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग पन्नाशी-साठीच्या धावपटूस परवानगी द्यावी कशी? चरकांच्या मते मध्यम वय साठ वर्षांपर्यंत, तर सुश्रुतांच्या मते सत्तरीपर्यंत असते. मात्र चाळिशीनंतर परिहाणी सुरू होते, हेही सुश्रुतच सांगतात. दशविध परीक्षेत चरकांनी वय आणि व्यायामशक्ती यांचा स्वतंत्र निर्देश केला आहे. अर्थात, केवळ जन्मतारीख पाहून निर्णय करणे शास्त्रसंमत नाही; रुग्णाची कर्मशक्ती प्रत्यक्ष पारखली पाहिजे.

कालमर्यादेविषयी भग्नचिकित्सेतील सुश्रुतांचा संकेत मोलाचा आहे. प्रथम वयात संधान एका महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात त्यास दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळ लागतो. हे वचन अस्थिभग्नाविषयी असले, तरी वयानुसार काळ वाढतो हे तत्त्व मांस, स्नायू व कंडरा यांनाही लागू करणे युक्त ठरते. मुलाच्या वयाचा खेळाडू तीन आठवड्यांत मैदानावर परतला, म्हणून वडिलांनीही परतावे, असे होत नाही.

पुनरागमनाचा क्रम

चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे विवेचन आहे आणि सवयी पालटण्याचा पादांशिक क्रमही त्याच अध्यायात आहे. चतुर्थांशाने पुढे जावे व मधले अंतर वाढवीत न्यावे, हा त्याचा गाभा. धावपटूसाठी त्याची योजना अशी करता येईल :

१) प्रथमावस्था : ताज्या दुखापतीत सूज व रक्तसंचय असताना मर्दन व स्वेदन टाळावे. विश्रांती, बंधन व शीत उपचार हितकर. सुश्रुतांनीही भग्नात न्यग्रोधादि कषायाचा शीत परिषेक सांगितला आहे.

२) एक पाद : वेदनारहित चालणे व जिना चढणे साधल्यावर स्नेहन, मृदू स्वेदन व हलके बलवर्धक व्यायाम.

३) दोन पाद : अर्ध्या वेगाने ३० ते ४० मीटर, एक दिवसाआड.

४) तीन पाद : पाऊण वेग, मध्ये दोन दिवस विश्रांती. स्नायूस ताण देत बल वाढविणारे व्यायाम सोबत चालू ठेवावेत.

५) पूर्ण वेग : दोन्ही पायांचे बल समान झाल्यावरच, तीन दिवसांच्या अंतराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वा ताठरपणा जाणवल्यास एक पाद मागे यावे. सराव एरवी अर्धशक्तीनेच व्हावा. पूर्ण शक्ती शर्यतीसाठी राखून ठेवावी.

ऋतूचाही विचार हवा. वर्षा ऋतूत बल अल्प असते व आयास वर्ज्य सांगितला आहे. मुळशीच्या धुवाधार पावसात निसरड्या वाटेवर वेगाचा सराव करणे दोन्ही दृष्टींनी अहितकर. पावसाळा बलवर्धनास द्यावा, शरदात पादांशिक क्रम आरंभावा आणि हेमंतात वेग वाढवावा.

पुढे केव्हा पाठवावे?

दुखापतीच्या वेळी 'कट्' असा आवाज, स्नायूत हाताला लागणारा खळगा, विस्तृत काळेनिळेपणा किंवा पायावर भार न घेता येणे, ही लक्षणे असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाचे मत व सोनोग्राफी वा एमआरआय आवश्यक आहे. एकाच पोटरीस सूज व वेदना असल्यास शिरेतील रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी आणि तेथे मर्दन कदापि करू नये. चाळिशीपुढील प्रत्येकाची वेगाच्या सरावापूर्वी हृदयतपासणी करून घेणे इष्ट.

औषधविक्रेत्यांसाठी

जागतिक मास्टर्स स्पर्धांतही उत्तेजक द्रव्यांची चाचणी होते, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. वातविकारात आपण सहज देतो त्या विषतिंदुक वटीत व अग्नितुंडी वटीत कुचला असतो. त्यातील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. सोमलतेतील इफेड्रिन मूत्रात ठरावीक मर्यादेपलीकडे आढळल्यास दोष मानला जातो. गुळवेलीच्या नावाखाली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती आल्यास त्यातील हिजेनामाइन स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. कॉर्टिकोस्टिरॉइडचे इंजेक्शन, कोणत्याही मार्गाने दिलेले, २०२२ पासून स्पर्धाकाळात वर्ज्य ठरले आहे. तेव्हा गल्ल्यावर "गुडघ्यासाठी काही द्या" म्हणणाऱ्या पन्नाशीच्या ग्राहकास, आपण स्पर्धेत उतरता काय, एवढे विचारणे औषधविक्रेत्याचे कर्तव्य ठरते. घटकद्रव्ये न छापलेली 'वेदनाहर' चूर्णे तर अशा ग्राहकास देऊच नयेत.

धावू नका असे सांगणे सोपे आहे, आणि वेदना थांबताच धावा म्हणणे त्याहून सोपे. रुग्णास एकेक पाद पुढे नेत राहणे आणि गरज पडेल तेव्हा मागे आणणे, यासाठी वैद्यापाशी धैर्य व रुग्णापाशी विश्वास असावा लागतो. तो विश्वास पहिल्याच भेटीत, कालावधी स्पष्टपणे सांगून, संपादन करावा.