फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर रिजेक्शन रक्तातून आधी कळतं का?

प्रत्यारोपण मोठ्या शहरात होतं, पण पेशंट राहतो गावात. खोकला झाला की तो आधी वैरागसारख्या ठिकाणच्या डॉक्टरकडेच येतो. सोबतचे नातेवाईक विचारतात, "रक्त तपासून रिजेक्शन कळणार नाही का?"

काही प्रमाणात कळतं. प्रतिकारशक्ती दात्याच्या फुफ्फुसाला परकं समजून त्यावर हल्ला करते, तेव्हा फुफ्फुसाच्या पेशी मरतात आणि त्यांचा डीएनए रक्तात उतरतो. तो पेशंटच्या डीएनएपेक्षा वेगळा असल्यामुळे मोजता येतो. त्याचं प्रमाण कधी कधी लक्षणं दिसण्याआधीच वाढतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत हे प्रमाण जास्त राहिलेल्यांमध्ये पुढे फुफ्फुस निकामी होण्याचा धोका जास्त आढळला.

पण जंतुसंसर्गातही हा आकडा वाढतो. फुफ्फुसाला इजा झाली एवढं तो सांगतो, कशामुळे झाली ते सांगत नाही. रिजेक्शनमध्ये बहुधा स्टेरॉइड वाढवावं लागतं, आणि संसर्ग असताना तेच केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ब्रॉन्कोस्कोपी आणि बायोप्सी अजून सुटलेली नाही. दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीजही रक्तात तपासतात.

ही डीएनए तपासणी सगळीकडे होत नाही. घरचा स्पायरोमीटर मात्र रोज वापरता येतो. पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते, तो आकडा रोज ठराविक वेळी वहीत लिहा. तुमचा नेहमीचा आकडा २.५ लिटर असेल आणि तो २.२५ वर आला, म्हणजे १० टक्के घटला, तर पुन्हा फुंकून पाहा. तेवढाच आला तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. तो २ लिटरपर्यंत उतरून तिथेच राहिला, तर जुनाट रिजेक्शनची शंका घ्यावी लागते. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत "धुळीनं झालं असेल" म्हणून लोक थांबतात. दम लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन दिलं तर पातळी जास्त दिसते, डोस विनाकारण कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. क्लॅरिथ्रोमायसिनने ही पातळी वाढते, तर टीबीच्या रिफॅम्पिसिनने घसरते. आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरला हे दर वेळी आठवेलच असं नाही. म्हणून चिठ्ठी लिहायच्या आधीच औषधांची यादी आणि केंद्राचा नंबर आमच्यापुढे ठेवा.