डायनो का आपटतो?

नेट गेलं की क्रोम ब्राउझरच्या पडद्यावर एक करडा डायनासोर येऊन उभा राहतो. स्पेस बार दाबला की तो धावू लागतो आणि आपण त्याला निवडुंगांवरून उड्या मारायला लावायच्या, एवढाच खेळ. गूगलने तो 2014 मध्ये आणला. 2018 मध्ये गूगलनेच सांगितलं, की महिन्याला त्याचे 27 कोटी डाव खेळले जातात आणि खेळणारे मुख्यतः भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले असतात. म्हणजे जिथे तेव्हा नेट महाग किंवा बेभरवशाचं होतं, तिथले. (या यादीतल्या आपल्या नावाचा अभिमान बाळगायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

डायनो आपटला, की खेळणारा हमखास म्हणतो, "माझे रिफ्लेक्स कमी पडले." हे दोन अर्थांनी चूक आहे.

एकतर ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे रिफ्लेक्स, नव्हेच. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिथे संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत फिरतो, मेंदूला विचारायची गरज पडत नाही. निवडुंग दिसल्यावर बोट हलवायचं, तर दृष्टिपटलापासून मेंदूपर्यंत आणि तिथून बोटाच्या स्नायूंपर्यंत सगळी वाट चालावी लागते. त्याला धडधाकट तरुण माणसाला सेकंदाचा साधारण पाव भाग, किंवा थोडा कमी वेळ लागतो.

दुसरं म्हणजे, एवढा वेळ या खेळात भरपूर झाला. खेळाचा कोड खुला आहे, त्यामुळे हिशेब मांडता येतो. संगणकावर खेळाचं मैदान 600 पिक्सेल रुंद. सेकंदाला 60 चित्रं, आणि सुरुवातीला दर चित्रामागे निवडुंग 6 पिक्सेल पुढे सरकतो. म्हणजे मैदान पार करायला त्याला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. वेग हळूहळू वाढत 13 पिक्सेलपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. त्या कमाल वेगालाही निवडुंग दिसल्यापासून तो अंगावर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो, प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळाच्या दुपटीहून जास्त.

मग आपण हरतो कशात? अंदाजात. उडी लवकर मारली तर डायनो निवडुंगावरच उतरतो, उशिरा मारली तर त्यावर धडकतो. त्यात वेग वाढत असल्याने, निवडुंग किती लांब असताना बटण दाबायचं ते अंतरही सारखं बदलत राहतं. मघाशी बरोबर ठरलेली उडी आता चुकते. असा वेळेचा मेळ जमवण्यात आणि चुकांवरून तो दुरुस्त करण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पुढे टेरोडॅक्टिल नावाचे उडणारे सरीसृप येतात, तेव्हा उडी मारायची, वाकायचं की काहीच करायचं नाही, अशी निवड येते. निवड करावी लागली की प्रतिक्रिया लांबते, हे डच वैद्य डोंडर्स यांनी 1868 मध्येच मोजून दाखवलं होतं.

मला सगळ्यांत मजेची वाटते ती वेगाची मर्यादा. साधारण दोन मिनिटांत खेळ जितका कठीण व्हायचा तितका होऊन जातो. त्यानंतर आपटणाऱ्याने वेगाला दोष देऊ नये. जो वेग तो इतका वेळ पेलत होता, तोच तेव्हाही असतो. सुटतं ते लक्ष.

वेगवान गोलंदाजीसमोरचा फलंदाज अंदाजाचं हेच कोडं कसं सोडवतो, ते संशोधक मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी 2000 मध्ये नजरेच्या हालचाली टिपून दाखवलं. फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवत नाही. चेंडू सुटताना पाहतो, आणि टप्पा जिथे पडणार तिथे नजर आधीच नेऊन ठेवतो. फलंदाज जितका कसलेला, तितकी त्याची नजर तिथे लवकर पोचते.

तेव्हा 'रिफ्लेक्स वाढवा' म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालवण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहा. डायनोकडे बघत बसू नका, तो जागचा हलत नाही. नजर उजव्या कडेला ठेवा, निवडुंग तिकडूनच येतात.