शाळेचा कारभार आणि पालकांचा ठराव

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार कोण पाहतं, असं विचारलं तर बहुतेक जण मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतात. कायदा मात्र पालकांकडे पाहतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतल्या मुलांचे पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात.

पालक सदस्यांची निवड पालकसभेत होते. अध्यक्ष पालकांमधलाच असतो. मुख्याध्यापक सदस्य सचिव, म्हणजे बैठक बोलावणं, इतिवृत्त लिहिणं आणि दप्तर सांभाळणं त्यांच्याकडे. म्हणूनच निवडीच्या पालकसभेला फार मोल आहे. तिथे मोजकेच पालक आले, तर नावं आधीच ठरलेली असतात आणि पुढे समिती सह्यांपुरती उरते.

शिक्षकांची नेमणूक, बदली किंवा पगार समितीच्या हाती नाही, अभ्यासक्रमही नाही. तिचं काम देखरेखीचं: शिक्षक वेळेवर येतात का, कोणती मुलं गळतीच्या वाटेवर आहेत, पोषण आहार नीट मिळतो का. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. ताटातली डाळ किती पातळ आहे, हे तालुक्याच्या कचेरीत बसून दिसत नाही. समितीवरच्या आईला ते पहिल्या घासात कळतं.

अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हेही समितीचंच काम. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचं संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. वीजबिल, साहित्य आणि किरकोळ दुरुस्ती यांतच ते संपतं, त्यामुळे मला ही रक्कम तुटपुंजीच वाटते. तरी ती कुठे गेली, हे विचारण्याचा अधिकार पालकांचा आहे. गणवेशाचं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने गणवेशाची खरेदी समित्यांकडून काढून एका जागी नेली. अनेक मुलांना कपडे उशिरा मिळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा समित्यांकडे सोपवलं.

समितीचं सर्वांत वजनदार आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो. कोणत्या वर्गात किती मुलं येतील, किती शिक्षक कमी पडतील, कोणत्या खोल्या आणि सोयी लागतील, त्यासाठी किती पैसा हवा, हे सगळं त्यात वर्षवार मांडायचं असतं. शासनाच्या योजना आणि अनुदानं याच आराखड्याच्या आधारे ठरावीत, असं कायदा म्हणतो. मागच्या वर्षीचा कागद तारीख बदलून पाठवला, तर शाळेने आपली मागणी स्वतःच सोडून दिली असं होतं.

समजा, वर्गाचं छप्पर गळतंय. तोंडी सांगितलेली तक्रार पावसाबरोबर विरते. तोच विषय बैठकीत मांडला, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह ठराव झाला, त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली आणि एक ग्रामपंचायतीला दिली, की त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. मुलाच्या हक्काबाबत लेखी तक्रार केली, तर स्थानिक प्राधिकरणाने ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. तिथे न्याय मिळाला नाही, तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

पुढच्या पालकसभेला आवर्जून जा. इतिवृत्ताची वही आणि चालू आराखडा पाहायला मागा, आणि तुमचा मुद्दा त्या वहीत लिहून झाल्याशिवाय उठू नका.